रोल धुवायला टाकला होता, त्याची गोष्ट

"रोल धुवायला टाकलाय" हे वाक्य शेवटचं कधी ऐकलं, आठवतंय का? घरातल्या पोरांना तर ते समजावूनच सांगावं लागतं. कपडे धुतात, भांडी धुतात, पण फोटो कशाला धुवायचे? आपल्याकडे मात्र फोटो धुतलेच जायचे. छत्तीस फोटोंचा रोल (नशीब चांगलं असेल तर सदतीस निघायचे) संपवायला कधी कधी दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत लागायचं. मग तो दुकानात द्यायचा, पावती घ्यायची आणि ठरलेल्या दिवशी जाऊन पाकीट आणायचं. ते पाकीट घरी येईपर्यंत बंद राहिलं, असं निदान आमच्या घरात तरी कधी झालं नाही. काउंटरवरच उघडायचं आणि तिथेच निकाल. फोटो चांगले आले तर काढणाऱ्याचा हात चांगला. वाईट आले तर "लॅबवाल्याने घाण केली".

या खटल्यात लॅबवाल्याची साक्ष कुणी काढली नाही. ती आज काढायचा विचार आहे. माझा एक मावसभाऊ शहाद्यातल्या एका कलर लॅबमध्ये दहा-बारा वर्षं मशीनवर होता (नातेवाईक मंडळींनी ओळखलंच असेल, पण "भाऊ, मन्हं नाव टाकू नको" असं त्याने बजावून ठेवलंय). गेले काही महिने मी घरातले जुने अल्बम आणि निगेटिव्ह स्कॅन करतोय. त्या निमित्ताने त्याच्याशी फोनवर तासन् तास बोलणं झालं. काही त्याने सांगितलं, काही मी वाचून काढलं. दोन्ही एकत्र केल्यावर जे दिसलं ते इथे लिहितोय.

ज्यांनी शहादा पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडंसं. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, आणि गावाला लागून गोमाई नदी. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, त्याआधी आम्ही धुळे जिल्ह्यातले. एका बाजूला गुजरात, दुसऱ्या बाजूला मध्य प्रदेश. बाजारात पाच मिनिटं उभं राहिलं तर मराठी, अहिराणी, गुजरी, भिली, पावरी असं सगळं कानावर पडतं. आणि लग्नसराई भर उन्हाळ्यात. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

आधी थोडा इतिहास. १८८८ साली अमेरिकेत जॉर्ज ईस्टमनने पहिला कोडॅक कॅमेरा विकायला काढला. किंमत २५ डॉलर, आत शंभर फोटोंचा रोल भरलेलाच. शंभर फोटो झाले की अख्खा कॅमेराच रॉचेस्टरच्या कारखान्यात पाठवायचा. दहा डॉलरमध्ये ते फोटो धुऊन, छापून, नवा रोल भरून परत पाठवायचे. म्हणजे फोटो काढणं आणि फोटो तयार करणं ही दोन कामं त्या दिवशी वेगळी झाली. बटण दाबणारा एक आणि खरा फोटो बनवणारा दुसराच, आणि दोघांची गाठ कधी पडत नाही. लॅबवाल्यावरच्या आरोपांची सुरुवात तिथूनच धरायला हरकत नाही.

कृष्णधवल फोटोंच्या काळात गावोगावचे स्टुडिओवाले हे दुसरं काम स्वतःच करत. मागच्या खोलीत लाल दिवा, तीन ट्रे, आणि दोरीवर वाळत घातलेले फोटो. डेव्हलपर साधारण २० अंश सेल्सिअसला असावा लागतो. उन्हाळ्यात आमच्याकडे नळाचं पाणीच चहाला चालेल असं येतं, म्हणून ट्रेखाली बर्फ ठेवायचे. लाल दिव्यात कागदावर चेहरा उमटताना डोळ्यांना दिसायचा. काळा व्हायला लागला की काढा बाहेर. दर्जा सांभाळणारी यंत्रणा म्हणजे त्या माणसाचे डोळे आणि बर्फाची लादी.

रंगीत फिल्म आली आणि हे सगळं बदललं. रंगीत निगेटिव्हमध्ये एकावर एक असे मुख्य तीन थर असतात. एक निळा उजेड टिपतो, दुसरा हिरवा, तिसरा तांबडा. धुताना त्या थरांत अनुक्रमे पिवळा, किरमिजी आणि निळसर-हिरवा असे रंग तयार होतात. फिल्म धुताना पूर्ण काळोख लागतो, त्यामुळे डोळ्यांना काही कळत नाही. तापमान किंवा वेळ जरा इकडचं तिकडे झालं, तर तीनही थर सारखे बिघडत नाहीत, एक जास्त बिघडतो आणि एक कमी. मग सावलीत हिरवट झाक आणि उजेडात गुलाबी, अशी खिचडी होते. ती नंतर कुठलंही बटण दाबून पूर्ण सुटत नाही.

१९७२ मध्ये कोडॅकने सी-४१ नावाची पद्धत आणली. डेव्हलपरमध्ये सव्वातीन मिनिटं, तापमान ३७.८ अंश सेल्सिअस, आणि त्यात चूक चालेल ती फक्त ०.१५ अंशाची. ३७.८ म्हणजे बरोबर १०० फॅरनहाइट. आई कपाळावर हात ठेवून "अंग कोमट लागतंय रे" म्हणायची तेवढंच. पुढे फुजी, कोनिका, आग्फा सगळ्यांनी याच पद्धतीला जुळणारी फिल्म आणि रसायनं काढली, नावं तेवढी आपापली ठेवली. त्यामुळे शहाद्यात भरलेला रोल ओसाकात धुता येई आणि ओसाकातला शहाद्यात. मला हे फार मोठं काम वाटतं. पण त्यात एक अट गृहीत होती. ओसाकात आणि शहाद्यात डेव्हलपर सारखाच असायला हवा.

सुरुवातीला हे काम मोठमोठ्या कारखान्यांतच व्हायचं. अमेरिकेत तर कोडॅकच्या रंगीत फिल्मच्या किमतीत धुण्याचे पैसे धरलेलेच असत. १९५४ साली सरकारबरोबरच्या मक्तेदारीविरोधी तडजोडीनंतर ही पद्धत बंद झाली आणि इतरांना या धंद्यात यायला वाट मिळाली. मग १९७६ मध्ये जपानच्या नोरित्सू कंपनीने क्यूएसएस नावाचं यंत्र काढलं. अख्खा कारखाना एका दुकानात मावेल एवढा लहान झाला. यालाच मिनीलॅब म्हणायला लागले. काचेच्या दारावर 'कलर लॅब' लिहिलेली, आत एसी असलेली आणि विशिष्ट आंबट वास येणारी जी दुकानं आपण पाहिली, ती सगळी या यंत्राची लेकरं. आमच्या घरचे पहिले रंगीत रोल ओळखीच्या माणसाबरोबर एसटीने सुरतेला जायचे आणि तो परत येईल तेव्हा यायचे. गावात लॅब आली आणि हा प्रवास थांबला.

पण कारखाना गावात आला म्हणजे कारखान्यातला केमिस्टही आला, असं नव्हे. त्याच्या जागी कंपनीने एक छोटी पट्टी पाठवली.

तिला कंट्रोल स्ट्रिप म्हणतात. हा फिल्मचाच तुकडा. कंपनी त्यावर ठराविक उजेड पाडून देते, तो फक्त धुवायचा बाकी असतो. तो फ्रीझरमध्ये जपून ठेवायचा. सकाळी पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी एक पट्टी काढायची, ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची आणि मशीनमधून धुवायची. मग तिच्यावरचे चौकोन डेन्सिटोमीटरने मोजायचे. एक चौकोन कोरा, एक फिका, एक गडद. प्रत्येकाचे तांबडा, हिरवा, निळा असे तीन आकडे. कंपनीने स्वतः धुतलेली नमुन्याची पट्टी त्याच डब्यात येते. तिच्या तुलनेत आपले आकडे किती सरकले ते आलेखाच्या कागदावर मांडायचं. मधे एक रेघ म्हणजे नेम. तिच्या वर-खाली आणखी रेघा. पहिली रेघ ओलांडली तर लक्ष द्या. दुसरी ओलांडली तर मशीन थांबवा, गिऱ्हाइकाचा रोल आत घालू नका.

या आलेखाचा मूळ पुरुष म्हणजे वॉल्टर शूहार्ट. १६ मे १९२४ ला त्याने टेलिफोनचं सामान बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये आपल्या साहेबाला जेमतेम एका पानाचं टिपण दिलं, त्यात हा आलेख पहिल्यांदा आला. रोजचं थोडंफार वरखाली होणं वेगळं आणि खरोखर काहीतरी बिघडलेलं असणं वेगळं, आणि या दोन्हींतला फरक आकड्यांवरून ओळखता येतो, एवढंच त्याचं म्हणणं. हाच शूहार्ट १९४७-४८ मध्ये महालनोबिसांच्या निमंत्रणावरून भारतात आला होता. त्याचा आलेख पुढे शहाद्याच्या बाजारातल्या एका दुकानाच्या मागच्या भिंतीला खिळ्यावर टांगलेला असेल, असं तेव्हा कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल.

"रोज करायचा का रे?" मी भावाला विचारलं.

"पहिलं वर्षभर रोज. मग आठवड्यातून. मग कंपनीचा माणूस येणार असला की," तो हसत म्हणाला. पट्ट्यांना पैसे पडत, आणि मालकाला त्यातून काही दिसत नसे. रंगीत पट्टी काही अल्बमात लावता येत नाही.

पण त्याच्याकडून मला खरी कळलेली गोष्ट वेगळीच आहे. ही पद्धत गजबजलेल्या लॅबसाठी बांधलेली होती. टाकीतला डेव्हलपर रोज पूर्ण बदलत नाहीत. जेवढी फिल्म धुतली, त्या हिशेबाने मशीन ताजं रसायन आत सोडतं आणि जुनं बाहेर जातं. याला रिप्लेनिशमेंट म्हणतात. दिवसाला शंभर रोल आले तर टाकीतला माल सतत ताजा राहतो. पण श्रावणात, पितृपक्षात दिवसाला चार रोल आले तर? डेव्हलपर हवेशी संयोग पावून मरायला लागतो. उन्हाळ्यात पाणी उडून जातं आणि उरलेलं घट्ट होतं. म्हणजे गर्दीत काम चांगलं आणि रिकाम्या दुकानात वाईट! भाऊ म्हणतो, "आपल्याला वाटतं गर्दी नसताना रोल दिला तर निवांत, नीट करून देतील. उलटं असतं. रोल कमी म्हणजे केमिकल आजारी." म्हणून लहान गावातले लॅबवाले "परवा या" म्हणून रोल साठवून ठेवत आणि एकदम धूत. आपल्याला ती टाळाटाळ वाटायची. त्यात बरीचशी काळजी होती.

मग लोडशेडिंग. २००५ च्या पुढची ती वर्षं आठवा. फिल्म डेव्हलपरमध्ये असताना वीज गेली तर सव्वातीन मिनिटांची पाच होतात आणि कुणाचं तरी बारसं कायमचं गडद होतं. त्यासाठी जनरेटर, त्यासाठी डिझेल. आणि मे महिन्यात आमच्याकडे बाहेरची हवाच टाकीपेक्षा गरम. पाणी तापवायचं यंत्र सगळ्यांकडे असतं, पण इथे खोली थंड ठेवायची धडपड, तीही नेमकी लग्नाच्या गर्दीत. शिवाय कागद नीट धुतला गेला नाही तर त्या दिवशी काहीच दिसत नाही. पंधरा-वीस वर्षांनी पांढरा भाग पिवळा पडतो, डाग उमटतात. म्हणजे काही चुकांची पाकिटं आपण आत्ता कुठे उघडतोय.

हे झालं रसायनाचं. पट्टी, आलेख, थर्मामीटर, इथपर्यंत दर्जा मोजता येतो. पुढचा भाग छपाईचा. तिथे प्रश्न येतो चेहऱ्याचा.

निगेटिव्हवरून कागदावर फोटो छापताना किती उजेड आणि कुठल्या रंगाचा उजेड द्यायचा, हे मशीन कसं ठरवतं? कोडॅकच्या राल्फ इव्हान्सने यासाठी एक युक्ती काढली, तिला १९५१ मध्ये पेटंट मिळालं. युक्ती अशी, की जगातल्या बहुतेक दृश्यांतले सगळे रंग एकत्र कालवले तर राखाडी होतो. म्हणून मशीनने प्रत्येक निगेटिव्हची सरासरी काढायची आणि ती राखाडी येईल असा उजेड द्यायचा. दहापैकी आठ वेळा हे छान चालतं. अंगणात उभी माणसं, मागे झाडं, वर आकाश, झालं काम.

आता हळदीचा फोटो घ्या. पिवळी साडी, पिवळे गाल, पिवळा पाट. मशीन म्हणतं, अरे, पिवळा फार झाला, आणि निळा ओततं. हळद फिकी पडते आणि नवरी आजारी दिसते. लाल शालूतल्या नवरीचा जवळून काढलेला फोटो घ्या. मशीन लाल कापतं, चेहरा हिरवट. उसाच्या फडात उभा राहून काढलेला फोटो घ्या. हिरवं कापायच्या नादात माणसं गुलाबी. सातपुड्यातल्या होळीचा रात्रीचा फोटो घ्या. मागे सगळा काळोख, मशीनला वाटतं फोटो फार काळा होतोय, म्हणून ते उजळ छापतं. काळी रात्र राखाडी होते आणि फ्लॅशमधले चेहरे चुन्यासारखे. आणि पांढऱ्या शामियान्यापुढे पांढऱ्या टोप्या, पांढरे सदरे घातलेली मंडळी घ्या. मशीन गडद छापतं, आणि टोप्यांखाली चेहरे दिसेनासे होतात. थोडक्यात, आपल्याकडचा एकही सण त्या सरासरीत बसत नाही.

इथे माणूस लागायचा. प्रत्येक फोटो छापण्याआधी मशीनवरचा माणूस क्षणभर निगेटिव्ह पाहायचा आणि बटणं दाबायचा. गडदपणाचं एक, आणि तीन रंगांची तीन. अधिक एक, उणे दोन, असं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं. काळं ते पांढरं, शिवाय वर नारिंगी पडदा. ते पाहून हा शालू आहे, ही हळद आहे, ही होळी आहे, हे ओळखायचं. भावाच्या हाताला हे इतकं बसलं होतं म्हणे, की निगेटिव्ह पाहून तो गाव सांगायचा. आणि दिवसाला शेकडो फोटो, म्हणजे एकेका फोटोला दोन-तीन सेकंद. आपल्या अल्बममधला प्रत्येक बरा फोटो म्हणजे अशा कुणाची तरी दोन सेकंदं आहेत.

पण "बरा" म्हणजे कसा? कुठला चेहरा नीट यायला हवा? याचाही एक नमुना कंपनीकडून यायचा. कॅमेऱ्याकडे बघणारी, रंगीत कपडे घातलेली एक गोरी अमेरिकन बाई. तिला म्हणायचे शर्ली. या कामासाठी सुरुवातीला जिचा फोटो घेतला, त्या कोडॅकच्या कर्मचारी बाईचं ते नाव. मग बाई बदलल्या तरी कार्डाचं नाव शर्लीच राहिलं. शर्लीची त्वचा नीट छापली गेली की मशीन बरोबर लागलं. कॅनडातल्या लॉर्ना रॉथ या संशोधिकेने यावर २००९ मध्ये एक मोठा लेख लिहिला, तो वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. गडद त्वचेतले बारकावे त्या काळच्या फिल्मवर नीट येत नसत, आणि नमुनाच गोरा असल्याने ते कुणाला खटकतही नसे. मग फिल्म सुधारली कधी? रॉथ यांना कोडॅकच्या जुन्या माणसांनी सांगितलं, की साठ-सत्तरच्या दशकांत चॉकलेटवाल्यांनी आणि लाकडी फर्निचरवाल्यांनी तक्रार केली. जाहिरातीत डार्क चॉकलेट आणि मिल्क चॉकलेट सारखंच दिसतं, या लाकडात आणि त्या लाकडात फरक कळत नाही. ती तक्रार ऐकली गेली, आणि तपकिरी छटा सुधारल्या. तीन वेगवेगळ्या वर्णांच्या बायका असलेलं कार्ड कोडॅकने काढलं ते १९९५ च्या सुमारास.

चॉकलेटची दाद लागली, कारण चॉकलेटवाला गिऱ्हाईक होता. दर्जा म्हणजे काय, याची पुस्तकात हवी तेवढी व्याख्या सापडते. व्यवहारात मात्र तो तिथेच सुधारतो, जिथून तक्रार येऊ शकते.

आता परत शहाद्यात. भावाला विचारलं, तुमच्याकडे काय तक्रारी यायच्या? पहिली, अर्थातच, "काळा आलाय, गोरा करून द्या". नवरीचा बाप, नवऱ्याची बहीण, कॉलेजातली पोरं, सगळ्यांचं हेच. तेव्हा गडदपणाचं बटण उणे एक, कधी उणे दोन. माणूस स्वतःच्या रंगापेक्षा दोन पायऱ्या वर चढायचा आणि खूश होऊन पाकीट घेऊन जायचा. म्हणजे सगळा दोष रॉचेस्टरच्या शर्लीवर टाकून आपल्याला मोकळं होता येणार नाही. आपल्या प्रत्येकाच्या घरात एक शर्ली भिंतीवर होतीच.

आमच्या आजीने मात्र उलटी तक्रार केली होती. तिचा एका समारंभातला फोटो मोठा करून, मढवून आणला होता. लॅबने हौसेने तिला गोरीपान केली, सुरकुत्या गेल्या, कपाळावरचं गोंदण पुसट झालं. सगळे वाहवा करत असताना आजीने तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाली, "हाई मी नही. हाई कोन शे?" फोटो परत गेला. दुसऱ्यांदा आला तेव्हा गोंदण होतं. तोच फोटो आज घरात आहे. आजी शाळेत गेली नव्हती, पण नमुना आणि नेम म्हणजे काय ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिचा नमुना ती स्वतः होती.

पण आजीच्या हातात फोटो आला म्हणून ती बोलू शकली. ज्यांच्या हातात आलाच नाही त्यांचं काय?

आमच्या घरातल्या एका लग्नाचा, नव्वदच्या दशकातला, ग्रुप फोटो आहे. मे महिना, दुपार, मांडवाच्या तोंडाशी पंचवीस-तीस माणसं. मधे नवरा-नवरी, झक्क आलेली. डाव्या टोकाला, मांडवाच्या सावलीत, आमच्याकडे कित्येक वर्षं सालदार म्हणून राहिलेला पावरा माणूस आणि त्याची बायको. मला लहानपणी बैलगाडी हाकायला त्यानेच शिकवलं. अल्बममधल्या फोटोत त्याचा पांढरा फेटा दिसतो, तिच्या गळ्यातली चांदी चमकते. चेहऱ्यांच्या जागी दोन काळे ठिपके. इतकी वर्षं अल्बम उघडला की कुणीतरी हमखास विचारायचं, "हे कोण?" आणि कुणीतरी सांगायचं. फेट्यावरून.

यात भावाची (फोटो त्यानेच छापला असेल किंवा नसेल) काही चूक नाही. दोन सेकंदांत त्याने नवरीचा चेहरा पाहिला आणि त्यावर बटण दाबलं. तेच त्याचं काम. नवरी काळी आली असती तर पाकीट परत आलं असतं. डाव्या टोकावरून तक्रार येणार नव्हती. त्या दोघांना कुणी त्या फोटोची प्रत दिली, असं घरात कुणाला आठवत नाही.

या पावसाळ्यात मी त्या लग्नाचे निगेटिव्ह स्कॅन केले. कागदावर जेवढा उजेड-अंधार मावतो, त्याच्या कितीतरी पट निगेटिव्हमध्ये साठवलेला असतो. छापताना त्यातला एक तुकडाच निवडावा लागतो. कॉम्प्युटरवर डाव्या टोकाचा तो भाग हळूहळू उजळवत गेलो. दाणेदार झाला, थोडी निळसर झाक आली, पण चेहरे आले. दोघांचे. तो कॅमेऱ्याकडे बघत नाहीये, आमच्या आजीकडे बघून हसतोय. आणि बायको त्याच्याकडे बघतेय. फिल्मने ते त्या दुपारीच टिपलं होतं. ते रसायनात टिकलं, लोडशेडिंगमधून वाचलं, आणि मग एका बटणाशी येऊन थांबलं.

तो आता नाही. त्याचा मुलगा आहे, त्याला हा फोटो छापून द्यायचा आहे. नुसता तेवढा भाग कापून नव्हे, अख्खा ग्रुप फोटो, पण या वेळी डाव्या टोकाला नेम धरून. नवरी थोडी पांढरीफटक येईल. येऊ दे, तिचे अल्बमभर आहेत.

असो. आता हे सगळं जुनं झालं. फुजीने १९९६ मध्ये फ्रंटियर नावाची डिजिटल मिनीलॅब आणली. पुढे आग्फाची फोटो कंपनी २००५ मध्ये दिवाळखोरीत गेली, कोनिका मिनोल्टाने २००६ मध्ये हा धंदा सोडायचं जाहीर केलं, आणि जानेवारी २०१२ मध्ये खुद्द कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. भाऊ आता दुसऱ्या व्यवसायात आहे. बटण दाबणारा माणूस गेला, पण बटण गेलेलं नाही. ते फोनच्या आत बसलंय आणि कुठला चेहरा कसा दिसावा ते न विचारता ठरवतंय. गडद त्वचा नीट यावी म्हणून गूगलने आपल्या फोनमध्ये खास सुधारणा केली ती २०२१ साली. तीसुद्धा तक्रारी करता येणाऱ्या माणसांनी तक्रारी केल्यावरच. आपल्याकडे स्वस्त फोनमधला सेल्फी कॅमेरा अजून न सांगताच गोरं करून देतो, आणि आपण उणे दोनवरच खूश असतो.

शेवटी एक विनंती, मुख्यतः आमच्या नातेवाईक मंडळींना. दिवाळीच्या साफसफाईत अल्बम जपून ठेवता आणि मागच्या खिशातल्या त्या तपकिरी पट्ट्या "काय कामाच्या" म्हणून काढून टाकता. टाकू नका. फोटो म्हणजे कुणीतरी दोन सेकंदांत केलेली निवड आहे. पट्टीत सगळे आहेत, टोकाला उभे असलेलेसुद्धा. कोरड्या जागी ठेवा, बोटं लावू नका, आणि कुणाला जमत नसेल तर माझ्याकडे पाठवा. शहाद्याहून येणाऱ्या कुणाहीबरोबर चालेल. पूर्वी रोल असेच जायचे.